आई-बाबा, बाहेर बसू नका

"मॅडम, हा आत येईल. आम्ही बाहेर बसतो." तोतरं बोलणाऱ्या मुलाला घेऊन माझ्याकडे, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडे, आलेले बहुतेक पालक पहिल्या दिवशी हेच म्हणतात. आणि उठता उठता हळूच विचारतात, "आमचंच काही चुकलं का हो?"

साडेचार वर्षांच्या अथर्वचे (नाव बदललं आहे) आई-बाबाही असेच आले. "म-म-म-मला" करता करता त्याचा शब्द घशात अडकायचा, डोळे घट्ट मिटायचे. वर्ष झालं होतं. आजींचं मधातून वेखंड लावून झालं होतं.

चूक कुणाचीच नाही, हे आधी सांगितलं. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात, त्यातली बरीचशी सावरतातही. घाबरल्याने किंवा कुणाची नक्कल केल्याने हे होत नाही. मेंदूत बोलण्याची जुळणी कशी होते, त्यात त्याचं मूळ असतं आणि बऱ्याचदा ते घराण्यातून येतं. पण वर्षभर टिकलं की वाट बघत बसू नये.

"घरात आणखी कुणाला?"

बाबा खाली बघत म्हणाले, "मला. दहावीपर्यंत खूप होतं. अजूनही फोनवर नाव सांगताना आधी 'हां, मी बोलतोय' म्हणून घेतो." आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, तिला हे ठाऊक नव्हतं.

मग आईला अथर्वशी पाच मिनिटं खेळायला सांगितलं आणि तिच्याच मोबाइलवर शूट करून तिला दाखवलं. "हा कुठला कलर? चाकं किती? टीचरनी काय शिकवलं? सावकाश बोल ना." तिने स्वतःच मोजले, सत्तावीस प्रश्न. तिचे डोळे भरून आले. मी क्लिप मागे नेली. एका जागी ती नुसतीच ठोकळे रचत होती, आणि नेमकं तेव्हाच अथर्व सलग, सगळ्यात मोठं वाक्य बोलला होता. मला तिला दाखवायचं होतं ते हेच.

घरी करायचं काम एवढंच दिलं: रोज पाच मिनिटं, टीव्ही बंद, खेळ त्याच्या पसंतीचा. प्रश्न कमी, आपलं बोलणं संथ. तो अडला तर शब्द पुरवायचा नाही, "श्वास घे"ही म्हणायचं नाही. त्याच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांत बघून थांबायचं. घड्याळात दोन सेकंदच जातात, पण आई-बापाला ते फार जड जातात. आजींना तर सगळ्यात जड गेले.

सहाव्या आठवड्यात अडखळणं निम्म्यावर आलं होतं, गेलं नव्हतं. बाबांनी आदल्या रात्रीचं सांगितलं. गाड्या खेळताना ते म्हणाले, "लहानपणी माझेपण शब्द अडकायचे."

"अ-अजूनपण?"

"अजूनपण. कधीकधी."

अथर्वने थोडा विचार केला आणि लाल गाडी त्यांच्यापुढे सरकवली. "म-मग ही तू घे."