आजोबांच्या फोटोखाली लावायला थ्री-नॉट-थ्री रायफलीची शोभेची प्रतिकृती घ्यायची आहे. काय बघून घ्यावी? परवाना लागतो का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीच्या आघाडीवर लढले. मग आधी त्यांचा हुद्दा शोधा. साधे शिपाई असतील तर थ्री-नॉट-थ्री बरोबर. सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, नाईक असतील तर हातात टॉमी गन, म्हणजे हातातली छोटी मशीनगनही असू शकेल. 10 जुलै 1944 ला इटलीतल्या ज्या चढाईसाठी नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तिच्यात त्यांच्याकडे टॉमी गनच होती. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच नळीकडून धरून त्यांनी सोट्यासारखी चालवली.

रायफलच घ्यायची तर थ्री-नॉट-थ्रीचं नंबर 1 मार्क 3 हे मॉडेल मागा. हिचं तोंड बोथट, नळी जवळजवळ लाकडाच्या टोकापर्यंतच. नळीचं टोक बाहेर डोकावत असेल तर ती नंबर 4. विकणारे दोन्हींना सरसकट 'ली-एनफिल्ड' म्हणतात. बटाच्या (खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या) मागे पितळी पट्टी आणि तिला छोटं झाकण असतं. तेलाची बाटली आणि फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) त्यात राहायचं. हे झाकण उघडत असेल तर बनवणाऱ्याने खरी रायफल हाताळली आहे असं समजा.

पण माझ्या मते खरी परीक्षा वजनाची. एनसीसीत ड्रिलला आम्हाला निकामी केलेल्या डीपी, म्हणजे फक्त कवायतीच्या, रायफली मिळायच्या, चार किलोच्या आसपास. 'सलामी शस्त्र'ला तळहात लाकडावर आपटून सगळ्यांचा मिळून एकच आवाज यायला हवा. संध्याकाळी हात लालबुंद. तयार प्रतिकृती बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. दिसायला झकास, पण पडली की वाकत नाही, तुटते. म्हणून पट्ट्याने खिळ्याला टांगू नका, दोन ब्रॅकेटवर आडवी ठेवा.

आता परवाना. 'पिन (गोळी पेटवणारी सुई) काढलीय, बिनधास्त घ्या' म्हणत कुणी खरी रायफल देत असेल तर हात लावू नका. पिन परत बसते, आणि शस्त्र कायदा सूट देतो ती दुरुस्त करूनही गोळी सुटणार नाही अशा जुन्या शस्त्रालाच. प्रतिकृतीत फेरफार करून ती चालती करणं हा विनापरवाना गुन्हाच. परदेशातून मागवणार असाल तर पैसे भरण्याआधी शस्त्र परवाना शाखेत आणि कस्टममध्ये विचारून घ्या. विमानात केबिन बॅगेतून आणायचा विचारही नको.

मी स्वतः सुताराकडून शिसवीची करून घेतली, मुलीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी. नळीला जीआय पाइप, बोल्टला दाराची कडी. गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर नेताना चौकात अडवलंच. हवालदारांनी गोणपाट सोडायला लावलं, ती खांद्याला लावून बघितली आणि म्हणाले, "हलकी झाली हो. आमची जड होती."