‘आता आई-बाबांना तूच सांभाळ’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

‘ताई, मी १६ वर्षांची असून अकरावीत शिकते. जून महिन्यात माझा मोठा भाऊ दुचाकीच्या अपघातात गेला. त्या दिवशी सकाळी चार्जरवरून आमचे भांडण झाले होते आणि “माझ्याशी बोलू नकोस” हे माझे त्याच्याशी शेवटचे बोलणे ठरले. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच सांगतो, की आता आई-बाबांना तूच सांभाळायचे. मी त्यांच्यासमोर रडत नाही. कॉलेजात मैत्रिणींबरोबर कधी खळखळून हसले, तर घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटते. घरात दादाचे नाव कोणी काढत नाही. दिवाळी जवळ आली आहे. भाऊबीजेला मी काय करू?’
– एक बहीण

प्रिय मुली,

दुःखाच्या घरात काय बोलावे हे बहुतेकांना सुचत नाही आणि मग आजवर ऐकत आलेले एखादे वाक्य तोंडातून निघून जाते. माणसे आईच्या शेजारी बसतात, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि चहाचे कप घेऊन आत-बाहेर करणाऱ्या मुलीला जाता जाता जबाबदारी सांगतात. तिचाही भाऊ गेला आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आईला जेवायला बसवणे, बाबांच्या जवळ बसणे हे तू मायेने करतेसच, पण त्यांच्या दुःखाचा भार उचलणे हे १६ वर्षांच्या मुलीचे काम नाही. ते काका, मामा, आत्या, मावशी यांचे आहे आणि गरज पडल्यास समुपदेशकाचे. पुढच्या वेळी कोणी तसे म्हटले, तर ‘काकू, मलाही दादाची फार आठवण येते हो,’ एवढेच म्हण. त्यात उद्धटपणा काहीच नाही आणि समोरचे माणूस शहाणे असेल, तर तेवढ्यावरून समजेल.

आता त्या भांडणाविषयी. चार्जरवरून सकाळी कडाकडा भांडलेली भावंडे संध्याकाळी एकाच ताटातली भजी खात असतात, आणि तो परतला असता तर तुमच्याकडेही तेच झाले असते. अपघात रस्त्यावर झाला. तुझ्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे डोक्याला पटले तरी मनाला पटायला वेळ लागतो, म्हणून एका वहीत दादाला पत्र लिही. नुसती माफी मागू नकोस. चार्जर नक्की कोणाचा होता, हेही त्याला ठणकावून सांग आणि असा मध्येच निघून गेल्याबद्दल त्याच्यावर राग येत असेल, तर तोही लिही. गेलेल्या माणसाचा राग येणे ही दुःखातली नेहमीची गोष्ट आहे, फक्त आपल्याकडे ती बोलून दाखवत नाहीत.

हसण्याची लाज वाटते, असे तू लिहितेस. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असे तू कुठेतरी वाचले असशील. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ती मांडणी केली, ती मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांनी त्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात, असा काही नियम नाही. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी मांडले, की शोकात असलेले माणूस कधी दुःखात बुडते, कधी रोजच्या जगण्याकडे वळते, आणि या दोहोंमध्ये ये-जा करत राहण्यानेच ते सावरते. तुझ्या वयात ही ये-जा फार झपाट्याने होते. म्हणजे कँटीनमध्ये हसणारी तू आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी तू, दोघीही खऱ्याच आहेत. त्यातली एक दुसरीशी बेइमानी करत नाही.

घरातला अबोला मात्र मला अधिक काळजीचा वाटतो. तुला त्रास होईल म्हणून आई-बाबा बोलत नसावेत आणि त्यांना त्रास होईल म्हणून तू बोलत नाहीस. हा अबोला तू मोडू शकतेस, पण ‘आपण दादाविषयी बोलू या’ अशी बैठक घालून नव्हे. भाजी निवडताना एखादी साधी आठवण काढ. आई रडेल. रडू दे, तूही रड. त्याचे आवाजी संदेश तुझ्या फोनमध्ये असतील, तर त्यांची प्रत दुसरीकडे जपून ठेव, कारण फोन बिघडतात आणि हरवतात.

भाऊबीजेचे म्हणशील, तर वर्षाच्या आत मृत्यू झालेल्या घरात सण करत नाहीत, फराळही नातेवाईक आणून देतात. त्यामुळे त्या दिवशी काहीही न करण्याची तुला पूर्ण मुभा आहे. काही करावेसे वाटलेच, तर भाऊ नसलेल्या मुली चंद्राला ओवाळतात, ही आपली जुनी रीत आहे. कोणी चुलत किंवा मामेभावाला ओवाळायचा आग्रह धरला आणि तुझे मन होत नसेल, तर ‘यंदा नको’ असे सांग. जे ठरवशील ते आईला आधी सांगून ठेव, म्हणजे ऐन सणाच्या दिवशी दोघींची ओढाताण होणार नाही.

एक गोष्ट मात्र मनात ठेवू नकोस. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, अभ्यासात डोके मुळीच चालत नसेल, किंवा आपणही दादाकडे जावे, स्वतःला इजा करावी, असे वाटत असेल, तर त्याच दिवशी घरातल्या किंवा कॉलेजातल्या एका विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग. ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य चालते, तेथे मराठीतही बोलता येते. फारशा जवळच्या नसलेल्या मैत्रिणींना काही कळवायचे नसेल तर नको कळवूस, पण वर्गशिक्षकांना झाले ते ठाऊक असू दे. चाचणीत गुण घसरले, तर त्यामागचे कारण त्यांना माहीत असायला हवे.

आणि घरी विषय काढायला शब्दच सापडत नसतील, तर तुझे पत्र आणि हे उत्तर, दोन्ही बाबांच्या हातात दे.

– तुझी ताई