फ्लॅशचे ब्लॉक मांडताना आधी एवढं बघा
एक गोष्ट पक्की धरा: नँड फ्लॅशमध्ये (पेनड्राइव्ह, एसएसडीमधली मेमरी चिप) लिहिणं पेजचं, पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं. समजा पेज ४ केबीचं आणि ब्लॉकमध्ये ६४ पेजेस. एका पेजच्या बदलासाठी २५६ केबी पुसणं ही नवख्यांची हमखास चूक. नवा डेटा रिकाम्या पेजवर लिहा, जुनं पेज बाद नोंदवा.

- थोडे ब्लॉक कायम मोकळे ठेवा. सगळे भरलेत तर ब्लॉक पुसण्याआधी त्यातली चालू (बाद न झालेली) पेजेस हलवायला जागाच उरत नाही.
- सतत बदलणारा आणि क्वचित बदलणारा डेटा वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच: पहिल्या प्रकारचे ब्लॉक जवळपास पूर्ण बाद होतात, हलवायला फारसं काही राहत नाही.
- खराब ब्लॉकवर कारखान्यातच केलेल्या खुणा, ब्लॉक पुसण्याआधी वाचा.

वेअर लेव्हलिंगची (सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून पुसणं वाटून देण्याची) घाई नको. आधी हे चालू करा, जमेल तुम्हाला.