क्लायंटला दाखवायला प्रोटोटाइपिंगचं कोणतं टूल घ्यावं?

तुम्ही एकट्याने ॲपची कामं घेता, क्लायंट छोटे व्यापारी आहेत, आणि प्रश्न आहे की प्रोटोटाइप, म्हणजे कोड लिहिण्याआधी दाखवायचा ॲपचा नमुना, कशात करावा: फिग्मा, बाल्सामिक की ॲक्झ्युअर. मी सांगेन: पहिल्या भेटीला बाल्सामिक किंवा सरळ कागद-पेन्सिल, मग फिग्मा. ॲक्झ्युअर तुम्हाला बहुधा लागणारच नाही.

हे मी आपटून शिकलोय. मार्केट यार्डातल्या एका आडत्यासाठी शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) बनवणारं ॲप करत होतो. पहिल्याच मीटिंगला फिग्मात रंगवून, सावल्या-बिवल्या देऊन स्क्रीन नेले. शेठ खूश. पाऊण तास हिरवा गडद हवा की फिका आणि लोगोत बैल घ्यायचा का, यावर गेला. वर, "झालंच की सगळं, सोमवारपासून चालू करू!" इकडे कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती.

पुढच्या खेपेला तेच स्क्रीन बाल्सामिकमध्ये नेले. त्यातली चित्रं मुद्दामच हाताने खरडल्यासारखी दिसतात. रंगाचा विषयच निघाला नाही. दिवाणजींनी दोन मिनिटांत बोट ठेवलं, "हमाली, तोलाई धरलीय, पण उचल कुठं वजा होते?" शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल पट्टीतून कापायची असते, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ढाचा ठरला की फिग्मा. ते ब्राउझरमध्ये चालतं ('स्केच' नावाच्या दुसऱ्या टूलचं ॲप फक्त मॅकवर), आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की खातं न उघडता प्रोटोटाइप बघता येतो. कॉमेंटला मात्र लॉगिन लागतं, आणि शेठ लोक लॉगिन करत नाहीत, व्हॉइस नोट पाठवतात. त्या ऐकून कॉमेंट मीच टाकतो. आणि हो, नमुन्याला 'नाव १' लिहू नका. चांगलं लांबलचक मराठी नाव आणि १,८४,३५० सारखी रक्कम टाका, तक्ता कुठे मोडतो ते लगेच कळतं.

अटींवर अटी असलेले फॉर्म असतील तर ॲक्झ्युअर बघा, पण शिकण्यात वेळ जातो. क्लायंटला माहिती बाहेर जायला नको असेल तर पेनपॉट आहे, मुक्तस्रोत, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं.

एकाच टूलवर विसंबू नका. इनव्हिजन एकेकाळी सगळीकडे होतं, २०२४ च्या अखेरीस बंद झालं. फिग्माही ॲडोबी २० अब्ज डॉलरला घ्यायला निघाली होती, सौदा डिसेंबर २०२३ मध्ये मोडला. त्यामुळे मंजुरी मी लिंकवर घेत नाही. शिवाय लिंकमागचे स्क्रीन उद्या बदलतात. पीडीएफ करतो, तारीख घालतो, ईमेलवर 'मान्य' मागतो. ईमेलचं जमत नसेल तर प्रिंट काढून त्यावर सही. त्या शेठनी तर आडतीचा शिक्काही मारून दिला.