थेंबाची बाटली, चमच्याची बाटली

"मॅडम, तापाच्या औषधानं लेकराच्या लिव्हरला काही होणार तर नाही ना?" जालना जिल्ह्यात बाळंतिणींशी बोलण्याचे काम करताना हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. त्याचे वैद्यकीय उत्तर छोटे आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मी तेवढेच देत असे. बाई मान हलवून जाई आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच विचारी.

गोदाकाठच्या एका गावातील तरुण आईच्या बाळाला चौदाव्या आठवड्याच्या लसीनंतर रात्री १०१ अंश ताप आला. डॉक्टरांनी लिहून दिलेले पॅरासिटामॉलचे थेंब तिने एकदाच पाजले आणि पुढे बाळ कण्हत असताना बाटली हातात घेऊन ती पहाटेपर्यंत बसून राहिली. तीन आठवडे उलटले तरी बाळाला रोज उंबऱ्यात उजेडाला धरून त्याचे डोळे पिवळे झाले का, हे ती पाहत होती.

"लिव्हर जातं, हे कुणी सांगितलं?" मी विचारले.

"आत्याबाई म्हणल्या, काही झालं तर तुझ्यामुळं."

माझ्या मते अशा चिंतेचे मूळ औषधात क्वचितच असते. ते घरात दोष कुणाच्या माथी येणार, यात असते. म्हणून पुढच्या वेळी मी त्या आत्याबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंनाही बोलावले. त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्याला तापात गोळी दिली अन् झटके आले. सगळ्या वाड्यानं मलाच बोल लावला."

"मावशी, तापातले झटके गोळीनं येत नाहीत, आणि गोळी दिली म्हणून ते टळतातच असंही नाही. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं."

सून सासूकडे पाहतच राहिली. माहिती देण्याचा क्षण हाच होता, आणि तो ओळखता आला याचे मला आजही समाधान वाटते.

पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे दिले तर बाळाचे यकृत ते सहज निपटते; इजा होते ती जास्त मात्रेने किंवा वारंवार दिल्याने. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे पाच किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास. खरी गफलत बाटलीत होते. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर १२५ च्या सिरपमध्ये, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या चमच्याच्या औषधात, मिलिलिटरमागे केवळ २५. सिरपच्या मापाने थेंब पाजले की चौपट औषध पोटात जाते. जावेच्या मुलाची उरलेली बाटली वापरण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश किंवा अधिक असेल, तर घरी औषध पाजून वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्यावे, मग लस कालच टोचलेली का असेना. सहा महिन्यांआधी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, ॲस्पिरिन लहान मुलांना देऊच नये, आणि निमेसुलाइड या तापाच्या औषधावर तर आपल्याकडे बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे.

मी हे सांगत असताना सासूबाईंनी सुनेच्या पिशवीतून बाटली काढली, डोळ्यांपासून लांब धरली आणि विचारले, "ही थेंबाची का चमच्याची?"