क्लोरीनच्या कामात मुलीला पाठवू का?

चेंबूरहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक टीवायबीएस्सीला, विषय केमिस्ट्री. कॉलेजने तळोज्याचा एक कारखाना दाखवायला नेलं होतं. तिथे क्लोरीनचे पिवळे टनर आणि ते हाताळणारी माणसं पाहून आली, तेव्हापासून ‘मी इंडस्ट्रियल सेफ्टीतच जाणार’ म्हणून हटून बसली आहे. वडील म्हणतात, जन्म माहुलच्या रिफायनऱ्यांच्या वासात गेला, आता पोरीलाही गॅसच्या तोंडी द्यायचं का? त्यात एका खाजगी क्लासने सहा महिन्यांचा ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा’ सुचवला आहे. फी साठ हजार, नोकरीची हमी, पैसे महिनाअखेरपर्यंत भरायचे. आई विचारतात: हे काम जिवावरचं आहे का, मुलींना घेतात का, आणि साठ हजार भरावेत का?

ताई,

मुदत तिसऱ्या प्रश्नाला आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. भरू नका. का ते पुढे येईलच.

तुमच्या मिस्टरांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. या मार्गदर्शनाच्या धंद्यात येण्याआधी नऊ वर्षं मी क्लोरीन वापरणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. सेफ्टीवाला म्हणजे नळी खांद्यावर टाकून धुरात घुसणारा माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. त्या नऊ वर्षांत मी घुसलो एकदाच, तेही एका वॉशरपायी.

टनर म्हणजे आडवं ठेवलेलं जाड लोखंडी पिंप. त्यात नऊशे किलो क्लोरीन मावतो, दाबाखाली द्रव झालेला. एका टोकाला दोन व्हॉल्व्ह असतात. पिंप असं फिरवून ठेवायचं की दोन्ही व्हॉल्व्ह एकाखाली एक येतील. मग वरच्यातून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. लाइन जोडताना मध्ये शिशाचा वॉशर बसतो आणि तो दर वेळी नवा घालायचा असतो, कारण एकदा चेपलेलं शिसं पुन्हा नीट बसत नाही. त्या पहाटे पाळी सुटायला आली होती, स्टोअरला कुलूप होतं, ऑपरेटरने जुनाच वॉशर घातला. वास यायला लागला तसा घाबरून व्हॉल्व्ह बंद करायला गेला आणि पान्याला पाइप घालून जोर लावला. क्लोरीनच्या व्हॉल्व्हचा पाना वीतभरच ठेवतात तो उगाच नाही. लांब दांड्याने स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली दांडी, पिरगळतो, आणि आमचा पिरगळला.

मग आम्ही दोघे बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क, चढवून गेलो. अमोनियाच्या पाण्याची बाटली व्हॉल्व्हजवळ नेली की जिथून गळतंय तिथे पांढरा धूर उठतो, अगदी उदबत्तीसारखी रेघ. जागा कळली, किटमधलं हूड, म्हणजे गळक्या व्हॉल्व्हवरची टोपी, बसवून आवळलं, काम वीस मिनिटांत संपलं. त्या ऑपरेटरला थोडा खोकला होता, ‘मी ठीक आहे, घरी जातो’ म्हणत होता. त्याला चालूही दिलं नाही. स्ट्रेचरवर घेऊन पुढची रात्रभर दवाखान्यात ठेवलं, कारण क्लोरीनने फुफ्फुसात पाणी भरायचं असेल तर ते काही तासांनीही भरतं. दुसऱ्या दिवशी तो धडधाकट घरी गेला. बाकी नऊ वर्षं मी काय केलं? वॉशरचा साठा मोजला, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फाटला की बदलायला लावला, कामाच्या परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी जागेवर जाऊन पाहिलं.

तुमच्या लेकीला हे कंटाळवाणं वाटणार असेल, तर आत्ताच कळलेलं बरं.

आता जिवावरचं का, याबद्दल. रसायन कसं वागतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या जिवावर बेततं. क्लोरीन आणि अमोनिया, दोन्ही नाकाला झोंबणारे, दोन्ही डोळ्यांतून पाणी काढणारे, पण उपाय जवळजवळ उलटे. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. तो गटारात, तळघरात, जिन्याखाली साचतो, म्हणून वाऱ्याला आडवं निघून उंचावर जायचं. गळणाऱ्या टनरवर पाणी मारायचं नाही. ओल्या क्लोरीनचं ॲसिड होतं, ते लोखंड खातं आणि टाचणीएवढं भोक बोटाएवढं होतं. जमलं तर टनर असा गडगडवायचा की भोक वर येईल, म्हणजे द्रवाऐवजी वायू सुटेल. एक लिटर द्रव क्लोरीनचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो, त्यामुळे एवढ्या एका हालचालीने गळती कितीतरी कमी होते. अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका, आणि त्याच्या ढगावर पाण्याचा फवारा मारायचाच, कारण पाणी अमोनियाला पिऊन टाकतं. पण जमिनीवर द्रव अमोनियाचं थारोळं असेल तर त्यात पाणी ओतायचं नाही, तो आणखी उकळतो. एका कारखान्यात शिकलेली सवय दुसऱ्या कारखान्यात घात करते ती अशी.

हे दूरचं वाटत असेल, तर संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतून पाहणाऱ्या शेजारणी आठवा. (तुम्ही ओतू नका.) जो वास येतो आणि छाती आवळते, तोच हा क्लोरीन.

साठवणीबद्दल मुंबईला आपलं आपणच शिकायला मिळालं आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो तेव्हा गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. जुलै २०१० मध्ये शिवडीजवळ हाजी बंदरला क्लोरीन गळला आणि शंभरहून जास्त लोकांना त्रास झाला. ते सिलिंडर कुणी न नेता वर्षानुवर्षं तिथे पडून गंजले होते. चालू कारखान्यात माणसं घाबरून का होईना लक्ष ठेवतात, पण विसरलेल्या मालाकडे कुणी बघत नाही. म्हणून आधी आलेला माल आधी वापरायचा, क्लोरीनशेजारी अमोनिया ठेवायचा नाही, उन्हात टनर ठेवायचा नाही. सेफ्टी ऑफिसरचा निम्मा वेळ स्टोअरकीपरशी या गोष्टींवरून वाद घालण्यात जातो. तुमची लेक वादाला भिते का, हे तुम्हालाच ठाऊक.

भोपाळ १९८४ ला झालं. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण आलं आणि १९८९ साली घातक रसायनांच्या साठवणीचे नियम झाले. मोठा साठा असलेल्या कारखान्याला आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल बंधनकारक झालं. या क्षेत्रातल्या नोकऱ्या बऱ्याचशा तिथून आल्या. आता कामगार संहिता आल्यात, कलमांचे आकडे बदलतील, काम बदलणार नाही.

आता साठ हजारांचं. कारखान्यात ज्याला कायद्याने सेफ्टी ऑफिसर म्हणतात, त्याला राज्य सरकारने मान्य केलेला इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा लागतो आणि त्याशिवाय कारखान्यात सुपरवायझर म्हणून काम केल्याचा अनुभव लागतो. इंजिनीअरला साधारण दोन वर्षं, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पदवीधराला साधारण पाच. शिवाय कामगारांची भाषा यावी लागते, त्यात तुमची लेक आधीच पास आहे. अनुभवाची अट न विचारता बारावीवाल्यापासून सगळ्यांना प्रवेश देणाऱ्या क्लासचा कागद या पदाला चालत नाही. त्या क्लासला एवढंच विचारा: राज्य सरकारच्या मान्यतेचं पत्र दाखवता का? हमीची नोकरी बहुधा बांधकामाच्या साइटवर हेल्मेट मोजायची निघते. ते कामही प्रामाणिक आहे, पण त्यासाठी साठ हजार कशाला?

म्हणून क्रम उलटा ठेवा. पदवी होऊ द्या, मग प्लांटमध्ये शिरू द्या. बीएस्सी केमिस्ट्रीला ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ या ट्रेडची अप्रेंटिसशिप मिळते, खतांच्या आणि पेट्रोकेमिकलच्या कारखान्यांत जागा निघतात. स्टायपेंड थोडा असतो, पाळ्या असतात, पण व्हॉल्व्हला हात लागतो. पुढे सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये इंडस्ट्रियल सेफ्टीचा वर्षभराचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा आहे. तुमच्या घरापासून तो अगदीच जवळ, आणि प्लांटमध्ये घाम गाळून आलेल्या विद्यार्थ्याला तिथलं शिक्षण पचतं. त्या वर्षीची पात्रता मात्र त्यांच्या माहितीपत्रकातूनच बघा, कुणाच्या तोंडून नको. माझ्याही नको.

मुलींना घेतात. पूर्वी कारखान्यात बायकांना रात्रपाळी कायद्यानेच बंद होती आणि सुपरवायझरी अनुभव गोळा करायला तिथेच अडायचं. आता तिच्या संमतीने आणि ने-आण, सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी करता येते. प्रत्यक्षात काही जुने मॅनेजर अजून नाक मुरडतात. मुलाखतीत तिनेच विचारावं: रात्रीची बस आहे का, प्लांटमध्ये बायकांसाठी बाथरूम कुठे आहे, बीए सेट तिच्या चेहऱ्याला बसतो का? मास्कच्या कडेला फट राहिली तर तो नसल्यातच जमा, आणि सगळे सेट पुरुषांच्या मापाचे आणलेले कारखाने मी पाहिलेत.

मिस्टरांना सांगा, माहुलला राहणारा माणूस आत्ताही कारखान्यांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेतच आहे. आत काय साठवलंय हे वाचता येणारं एक माणूस घरात असलं तर भीती वाढणार नाही, थोडी कमीच होईल.

एक काम लगेच करता येईल, फुकटात. प्रत्येक रसायनासोबत सेफ्टी डेटा शीट येते, तिचे सोळा भाग असतात. क्लोरीनची आणि अमोनियाची अशा दोन शीट्स लेकीला उतरवून घ्यायला सांगा. चौथा भाग प्रथमोपचाराचा, सहावा गळतीचा, सातवा हाताळणी आणि साठवणीचा. हे तीन भाग तिने आधी वाचावेत आणि मग तुम्हाला, स्वयंपाकघरात उभं राहून, मराठीत समजावावेत. कामगारांना तिला हेच करून दाखवायचं आहे. समजावून झालं की तिला विचारा, अमोनियाच्या लाइनवर पितळेचा व्हॉल्व्ह का चालत नाही? ते उत्तर शोधायला ती स्वतःहून उठली, तर अप्रेंटिसशिपचा फॉर्म भरा.