पाव किलो, लादीपाव आणि दारातले पाव्हणे

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा नातू मुंबईला असतो. सुट्यांत आला तेव्हा त्याला गोकुळपेठेच्या बाजारातून पाव किलो गवार आणायला सांगितली, तर तो मलाच विचारून राहिला, "आजी, पाव तर वड्यासोबत खातात, मग गवारीचा पाव कसा?" आमच्या घरचे म्हणतात, मोठ्या ब्रेडचा चौथा हिस्सा म्हणून त्याला पाव म्हणतात. शेजारीण म्हणते, त्याचं पीठ पायांनी तुडवत, म्हणून पाव. खरं काय समजायचं?
– एक आजी, धरमपेठ

उत्तर : आजी, या दोन्ही कहाण्या मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दोन्ही खऱ्या नाहीत. पाय आणि चौथा हिस्सा यांचं नातं मात्र पक्कं आहे. ते गवारीच्या पावाशी आहे, खायच्या पावाशी त्याचा काही संबंध नाही.

संस्कृतात पाद म्हणजे पाय. गाईम्हशीला पाय चार, तेव्हा एक पाय म्हणजे चौथा भाग, आणि हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात म्हटलं आहे, "पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि". ही सगळी सृष्टी त्या पुरुषाचा एक पाव, उरलेले तीन पाव द्युलोकात. पाणिनीच्या व्याकरणात आठ अध्याय आहेत आणि प्रत्येकाचे चार पाद. बाळाचं नाव ठेवताना गुरुजी नक्षत्राचा चरण विचारतात, तो चरणही हाच, नक्षत्राचा चौथा भाग. या पादाचा प्राकृतातून घासत घासत पाव झाला. सव्वा म्हणजे स-पाद, पावासकट. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. तुमचा नातू "पावणेदोन वाजले" म्हणतो ना, तेव्हा तो गवारीचाच पाव दोनातून वजा करत असतो. त्याला हे जरूर सांगा, मुलांना असलं आवडतं.

आमचं इतवारीत धान्याचं दुकान होतं. तेव्हा शेर 80 तोळ्यांचा आणि पावशेर 20 तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने 233 ग्रॅमच्या आसपास. मग किलो आला, 1962 पासून जुनी वजनं व्यवहारातून बाद झाली आणि पाव 250 ग्रॅमचा झाला. बाया येऊन नुसतं "पाव द्या" म्हणायच्या आणि वडील तराजूला हात लावण्याआधी विचारायचे, "जुना का नवा?" घासून गुळगुळीत झालेली जुनी वजनं गल्ल्याखालच्या फळीवर तशीच पडून असत, कारण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना नव्या पावाचा भाव जुन्याशी ताडून दाखवावा लागे. शेर गेला, छटाक गेली, चार आण्यांची पावलीही गेली. 25 पैशांचं नाणं 2011 मध्ये चलनातूनच काढलं. पाव तेवढा टिकला, कारण तो कधी वजन नव्हताच. ज्याचा चौथा भाग करायचा, त्याच्या मागे तो जाऊन उभा राहतो. आपल्या बाजारात आजही पाऊण किलोला सर्रास "तीन पाव" म्हणतात. हे वेदातल्या त्रिपादाइतकंच शुद्ध आहे, हे मी तुम्हाला अगदी मनापासून सांगते.

आता खायचा पाव. तो पोर्तुगिजांबरोबर समुद्रावरून आला. लॅटिनमध्ये भाकरीला पानिस म्हणत. त्याचं इटालियनमध्ये पाने झालं, स्पॅनिशमध्ये पान, आणि पोर्तुगिजांनी शेवटचा न नाकात जिरवून टाकला. त्यांचा उच्चार साधारण "पांव" असा ऐकू येतो. कोकणीत तो अनुस्वार अजून शाबूत आहे, मराठीने सोडून दिला. लिस्बनमध्ये अख्ख्या मोठ्या लोफालाही हाच शब्द आहे, तेव्हा चौथ्या हिश्श्याची कहाणी तिथेच संपते. पाव विकणाऱ्याला गोव्यात पोदेर म्हणतात, तेही पोर्तुगीज पादेइरू या शब्दावरून. हे लोक 1543 मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले आणि तिथेही हा शब्द रुजला. जपानी माणूस आज ब्रेडला "पान" म्हणतो. पोर्तुगिजांनी नाकात घातलेला न जपान्यांच्या कानाला पुन्हा स्पष्ट ऐकू आला! जपानहून शब्द कोरियात गेला, तिथे त्याचं "प्पांग" झालं. एकच नाकातला स्वर, कोकणीने अनुस्वार म्हणून ठेवला, मराठीने टाकला, जपानीने अख्खं व्यंजन करून घेतला. मला यापेक्षा सुंदर उदाहरण माहीत नाही.

आपल्या नागपुरात किनाऱ्याचे शब्द उशिरा आणि निवडून आले. मुंबई-पुण्याकडे बटाटा म्हणतात, तो शब्दही पोर्तुगिजांचाच. आपण आलू म्हणतो आणि आलूबोंडा खातो. पावालाही माझ्या आईच्या पिढीत डबलरोटी म्हणत. म्हणून आपल्याकडच्या आजीला पाव म्हटलं की आधी तराजू आठवतो आणि मुंबईच्या नातवाला वडा. चूक दोघांचीही नाही.

प्रश्न : देव पावतो, पैशाची पावती मिळते आणि आमच्या गावाकडे पाहुण्यांना पाव्हणे म्हणतात. हे सगळं एकच का?
– एक शिक्षक, काटोल

उत्तर : पहिली दोन एक, तिसरं वेगळं. पावणे हे क्रियापद संस्कृत प्राप्नोति यावरून आलं, प्र आणि आप्, म्हणजे मिळणे, पोचणे. प्राकृतात त्याचं पावइ झालं. हिंदीतलं पाना तेच. रक्कम पावली म्हणून पावती. देव पावला म्हणजे तो आपल्यापर्यंत पोचला, प्रसन्न झाला. मृत्यू पावला, नाश पावला, तेही हेच. या अर्थाचा वापर बोलण्यातून कमी होत चालला आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं; "मिळालं" या एका शब्दावर सगळं भागवलं जातं. मुलांना वर्गात "पत्र पावलं" लिहायला लावा.

पाहुणा मात्र प्राघुण या शब्दावरून, प्राकृतात पाहुण. वऱ्हाडी-नागपुरी तोंडात ह आणि व जवळ आले आणि पाव्हणा झाला. प्राप्त होण्याशी त्याचं नातं जोडू नये.

प्रश्न : मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. आमची मलेशियातली सहकारी वाफवलेल्या भरल्या गोळ्याला "पाव" म्हणते. म्हणजे तिथेही पोर्तुगीजच का? आणखी कोणत्या भाषेत हा शब्द आहे?
– एक वाचक, सोमलवाडा

उत्तर : शंका रास्त आहे, कारण पोर्तुगीज मलेशियातल्या मलाक्का बंदरातही होते. पण तो पाव चिनी आहे. चिनीत बाओ म्हणजे गुंडाळणे, आणि सारण गुंडाळलेला गोळा तो बाओ. त्याचाच दक्षिणेकडचा उच्चार मलेशिया-सिंगापुरात पाव असा लिहितात. दोन्ही पिठाचे, दोन्ही मऊ, दोन्हींचं नाव एकच, आणि नातं शून्य. उच्चार जुळला की नातं जोडण्याचा मोह होतो. अशा वेळी शब्द कोणत्या वाटेने आला ते आधी बघावं. याच्या उलट, उच्चार अजिबात जुळत नसूनही सख्खे असलेले शब्द तुमच्या अंगावर आणि घरात आहेत. पायजम्यातला फारसी पाय, सायकलचं पेडल आणि प्लॉट मोजायचा फूट हे सगळे पादाचेच भाऊबंद, म्हणजे आपल्या पाव किलोचेही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. हवाईच्या मूळ भाषेत पाऊ म्हणजे संपलं, झालं. स्पेनच्या कातालान भाषेत पाउ म्हणजे शांतता, लॅटिन पाक्सवरून. आणि पॉल या नावाचंही तिथलं रूप पाउच, म्हणून प्रसिद्ध चेलोवादक पाउ कासाल्स. पोर्तुगीजमध्ये नाक न वापरता पाउ म्हटलं तर अर्थ लाकूड. पाउ-ब्राझिल नावाच्या लाल लाकडावरून ब्राझील देशाला नाव मिळालं. तेव्हा लिस्बनच्या बेकरीत कधी गेलात, तर नाकातूनच मागा.